चौकटीवर रंगाचा ओघळ का येतो?

दिवाळीच्या आधी घरोघरी रंगाचे डबे निघतात. भिंतीचे काम रंगाऱ्याचे. पण दाराखिडक्यांच्या चौकटींना तैलरंगाचा हात देणे तुम्हालाही जमण्यासारखे आहे. मात्र रंगवलेली चौकट दुसऱ्या दिवशी नीट पाहा. कुठे ओघळ आलेला असतो, कुठे ब्रशचे ओरखडे राहिलेले असतात, कोपऱ्यात सुरकुत्या पडलेल्या असतात. या प्रत्येक दोषामागे भौतिकीतला एखादा नियम उभा असतो. तो समजला की दोष टाळता येतो.

थर किती जाड?

प्रथम थोडे गणित करू. चौकटीचे दोन उभे खांब प्रत्येकी २.१ मीटर आणि वरचे आडवे लाकूड ०.९ मीटर, म्हणजे एकूण लांबी ५.१ मीटर. रंगवायची रुंदी २० सेंमी. धरली तर क्षेत्रफळ सुमारे १ चौरस मीटर होते. १०० मिलिलिटर रंग एवढ्या जागेवर सारखा पसरला, तर थराची जाडी किती? १०० घन सेंमी. भागिले १०,००० चौरस सेंमी., म्हणजे ०.०१ सेंमी. किंवा ०.१ मि.मी. एका चौकटीच्या एका हाताला चहाच्या कपाएवढा रंग पुरतो!

आता समजा, काम लवकर उरकावे म्हणून आपण दुप्पट जाड थर दिला. गुरुत्वाकर्षण रंगाला खाली ओढते आणि रंगाची श्यानता, म्हणजे आतील घर्षण, त्याला अडवते. लाकडाला चिकटलेला रंग स्थिर असतो. लाकडापासून जितके दूर जावे तितका रंगाचा वेग वाढतो. हिशेब केल्यास असे दिसते की, उभ्या पृष्ठावरून खाली सरकणाऱ्या द्रवाचे प्रमाण थराच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. जाडी दुप्पट केली की ओघळणारा रंग आठपट! म्हणूनच जाणता रंगारी एक जाड हात न देता दोन पातळ हात देतो. पहिला हात पुरता वाळल्यावर तो घन झालेला असतो, मग तो ओघळणार कुठून? रंगात टर्पेंटाइन जास्त घातले तरी श्यानता कमी होऊन ओघळ वाढतात, हेही यावरून ध्यानात येईल.

ओरखडे आणि कोपरे

ब्रशच्या केसांमुळे रंगात बारीक चर पडतात. पृष्ठताण पृष्ठभाग कमीत कमी करू पाहतो, त्यामुळे उंचवट्याचा रंग चरात उतरतो व थर सपाट होतो. पण त्यासाठी रंग पातळ हवा. आणि ओघळ नको असेल तर तो घट्ट हवा. दोन्ही एकदम कसे साधायचे? अनेक तैलरंगांत ही युक्ती आधीच केलेली असते. ब्रशने घासताना असा रंग पातळ होतो आणि ब्रश उचलल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट होतो. मधल्या थोड्या वेळात चर भरून निघतात. टोमॅटोचा सॉस बाटली हलवल्यावर एकदम वाहू लागतो, तोही याच जातीचा. म्हणून रंग घट्ट व्हायला लागल्यावर त्याच जागी पुन्हा ब्रश फिरवू नका. ते चर मग तसेच राहतील.

चौकटीच्या बाहेर आलेल्या धारदार कडेवर थर बहिर्वक्र असतो. तिथे पृष्ठताणामुळे द्रवातील दाब जास्त असतो आणि रंग कडेपासून दूर ढकलला जातो. आतल्या कोपऱ्यात पृष्ठ अंतर्वक्र, दाब कमी; तिथे रंग गोळा होतो. परिणामी कडेचा रंग आधी झिजतो, तर कोपऱ्यातील जाड रंगावर साय धरून आतला भाग ओला राहतो व सुरकुत्या पडतात. उपाय सोपा आहे. कडा पॉलिशपेपरने किंचित गोल करा आणि कोपऱ्यातला जादा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढून घ्या.

रंग वाळतो म्हणजे काय होते?

ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी उडून जाते. तैलरंगातले टर्पेंटाइनही उडते, पण ही अर्धीच गोष्ट झाली. रंगातील तेल किंवा तेलापासून केलेले राळेसारखे द्रव्य हवेतील ऑक्सिजन शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कठीण जाळे तयार होते. म्हणून खोली बंद ठेवू नका. उडणारी वाफ बाहेर जायला आणि ऑक्सिजन आत यायला खेळती हवा हवीच. या क्रियेत उष्णताही निघते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेटूही शकतो. अशा चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवा.

जुना रंग खरवडण्यापूर्वी

हा भाग काळजीपूर्वक वाचा. पूर्वी अनेक रंगांत शिशाची संयुगे घालत. भारतात २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त ठेवण्यास मनाई झाली. त्याआधी रंगवलेल्या चौकटींवर शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासला की विषारी धूळ उडते. ती रांगणाऱ्या मुलांच्या हातातोंडाशी जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. तेव्हा जुना रंग कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. हे काम मोठ्यांनी पाण्याचा पॉलिशपेपर ओला ठेवून करावे, लहान भावंडांना दूर ठेवावे, जमीन ओल्या फडक्याने पुसावी व हात साबणाने धुवावेत. मग लाकूड पूर्ण वाळू द्यावे. ओल्या लाकडावर दिलेल्या रंगाला फोड येतात.

करून पाहा

काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर जवसाच्या तेलाचा, दुसरीवर खोबरेल तेलाचा अगदी पातळ थर द्या आणि धूळ बसणार नाही अशा हवेशीर जागी ठेवा. रोज बोट लावून नोंद करा. जवसाचे तेल काही दिवसांनी चिकट होत जाऊन अखेर कोरडे होईल. खोबरेल गारठ्यात गोठेल, पण ऊब मिळताच पुन्हा पातळ होईल. गोठणे आणि वाळणे यांत फरक कोणता, याचे उत्तर वहीत लिहा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.