सेन्सर एक म्हणतो, बोट दुसरंच!

प्रश्न : माझ्या नातीला टाइप वन मधुमेह आहे. तिच्या दंडावर सेन्सर बसवलाय, साखरेचा आकडा मोबाइलवर दिसतो. परवा ती खो-खो खेळून आली तेव्हा मोबाइल १०८ दाखवत होता, आणि बोट टोचून पाहिलं तर ७८! एवढं महागाचं यंत्र खोटं बोलतं का? – एक आजी, कराड

उत्तर : खोटं कुणीच बोललेलं नाही, आजी. दोघांनी साखर मोजली ती वेगवेगळ्या जागी. ग्लुकोमीटर रक्तातली साखर मोजतो. सेन्सरची बारीक तार मात्र रक्तवाहिनीत जातच नाही. ती त्वचेखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असते. साखर आधी रक्तात चढते-उतरते आणि मग तिथे. पाटाला पाणी सोडलं तरी शेवटच्या वाफ्याला ते जरा वेळानेच पोचतं, तसं. हा उशीर साधारण ५ ते १५ मिनिटांचा.

साखर स्थिर असताना हा उशीर जाणवत नाही. पण खेळताना स्नायू साखर ओढून घेतात, आणि एकदा टोचलेलं इन्सुलिन काही मध्येच आवरतं घेता येत नाही. साखर मिनिटाला ३ मिलिग्रॅमने घसरत असेल, तर १० मिनिटांत ३० चा फरक पडणारच. तुमचा हिशेब तर अगदी चोख जुळला!

म्हणून आकड्याइतकंच शेजारच्या बाणाकडे बघा. बाण आडवा असेल तर १०८ म्हणजे निवांत. तोच बाण खाली वळला असेल तर ग्लुकोज हाताशी हवं. साखर ७० च्या खाली गेली, की मोठ्या मुलांना साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं (लहानांना कमी, डॉक्टरांनी सांगितलेलं) आणि १५ मिनिटांनी बोट टोचून बघायचं. घरोघरी गडबड होते ती इथेच. रक्तातली साखर वर यायला लागलेली असते, पण मोबाइल अजून जुनीच घसरण दाखवतो. मग घाबरून वर दोन लाडू दिले जातात आणि तासाभराने साखर आभाळाला टेकते. मुलगी थरथरत असेल, घामाघूम झाली असेल आणि मोबाइल ‘सगळं ठीक’ म्हणत असेल, तर मोबाइलवर विसंबू नका, बोट टोचा.

रात्री ती सेन्सरच्या कुशीवर झोपली तरी दाबामुळे आकडा उगाच खाली दिसतो, अलार्म वाजतो. तिला दुसऱ्या कुशीवर वळवा आणि बोट टोचून खात्री करा. बोटसुद्धा फसवतं बरं का! आंबा खाऊन हात न धुता टोचलं, तर मीटर आंब्याचीही साखर मोजतो.

सेन्सर इन्सुलिन देतो, असाही एक गैरसमज असतो. तो फक्त मोजतो. त्याचा आकडा वाचून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणाऱ्या पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण जेवणातल्या कर्बोदकांचा अंदाज त्यालाही माणसानेच सांगावा लागतो. आणि त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या घड्याळांच्या जाहिराती दिसल्या, तर पैसे जपून ठेवा. असं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता.