शेंदरी फोटोखाली कोणता रंग?

जालन्याहून भोकरदनकडे निघालं की साधारण पंचवीस किलोमीटरवर राजूर लागतं. गणपतीच्या साडेतीन पीठांत मोरगाव, चिंचवड आणि पद्मालयाबरोबर ज्याचं नाव घेतात, ते हे गाव. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. इथल्या पेढ्यांच्या दुकानाचं, लॉजचं किंवा एखाद्या मंडळाचं वेबपान करायला घेतलं की पहिला फोटो गणपतीचा येतो आणि लगेच पानाला केशरी रंग फासला जातो. घोटाळा तिथेच होतो. शेंदरी मूर्ती केशरी पानात बुडते आणि फोटोची चौकट मात्र उठून दिसते, कारण फोटोतला केशरी आणि पानाचा केशरी कधीच एक नसतात. पार्श्वभूमीचा रंग फोटोतूनच घ्यावा, पण त्यातला बोलका रंग सोडून मुका रंग घ्यावा.

आधी फाईल नीट मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक छटा जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फ्लेक्सवाल्याकडून आलेली फाईल बहुधा छपाईच्या सीएमवायके पद्धतीत असते, ती आरजीबीत बदला. बऱ्याच नव्या फोनचे फोटो डिस्प्ले पी३ या जास्त विस्तृत रंगपट्ट्यात साठतात, तेही एसआरजीबीत रूपांतरित करून घ्या. एसआरजीबी ही १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली मोजपट्टी. सीएसएसमध्ये आपण लाल-हिरवा-निळ्याचे जे साधे आकडे लिहितो, ते ब्राउझर याच मोजपट्टीने वाचतो. फोटोची मोजपट्टी वेगळी राहिली, तर फोटोतून उचललेला आकडा जसाच्या तसा पानाला देऊनही दोन रंग शेजारी शेजारी वेगळे दिसतात, आणि माणूस तासभर आकडेच बदलत बसतो.

फोटो स्वतः काढणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. तेलात कालवलेल्या शेंदराचा लेप चकाकतो. फ्लॅशचा पांढरा डाग पडला की त्या जागेचा रंग कायमचा गेला.

आता रंग उचला. गिम्प फुकट मिळतं, ते पुरेसं आहे. कलर पिकर घ्या, पण एकाच ठिपक्यावर टिचकी मारून मोकळे होऊ नका. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून ते दाबते, त्यामुळे सपाट दिसणाऱ्या भिंतीतही शेजारचे ठिपके थोडे थोडे वेगळे असतात. पिकरमध्ये सरासरीचा पर्याय चालू करून त्रिज्या वाढवा. चार-पाच जागा तपासा: शेंदूर, मुकुटाची सावली, जास्वंदीचं पान, मागची भिंत, दगडाचा कोपरा. आकडे कागदावर लिहून ठेवा.

मुका रंग बहुधा सावलीत किंवा मागच्या भिंतीत सापडतो. समजा शेंदूर २५५, १०२, ० असा आला. भिंतीचा रंग उजळत नेऊन २५५, २४८, २३१ अशी साय मिळाली, ती पानाला द्या. सावलीतून १०२, ०, ० असा गडद तांबडा मिळाला, तो अक्षरांना. सायीवर या तांबड्याचा कॉन्ट्रास्ट १२ ला १ च्या वर जातो. साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ लागतो. याउलट त्या शेंदरी रंगावर पांढरी अक्षरं टाकलीत तर हिशेब ३ ला १ सुद्धा भरत नाही, म्हणजे मोठ्या मथळ्यालाही नापास. केशरीवर पांढरं हे आपल्या बॅनरांचं लाडकं जोडपं आहे हे मला ठाऊक आहे. बॅनरवरचं अक्षर दोन फुटांचं असतं, फोनवर ते तांदळाएवढं होतं. केशरी हवाच असेल तर एका बटणापुरता ठेवा आणि त्यावरची अक्षरं काळी करा.

फोटोच्या कडेचं काम सगळ्यांत किचकट. पांढऱ्या पार्श्वभूमीचा पेढ्याच्या बॉक्सचा फोटो सायीच्या पानावर टाकला की पांढरं ठिगळ दिसणार. फोटोची पार्श्वभूमी रंगवून पानाशी जुळवायचा हट्ट धरू नका. जेपीईजी पुन्हा सेव्ह केल्यावर कडेला धूळ उरतेच. मागचा भाग कापून टाका आणि फाईल पीएनजी किंवा वेबपीत, पारदर्शकतेसह ठेवा. कापल्यावर कडेला पांढरी रेघ राहते, कारण कडेच्या ठिपक्यांत जुना पांढरा मिसळलेला असतो. निवड एक-दोन ठिपके आत ओढून मग कापा. फोटोखाली एकदा गडद आणि एकदा फिकट थर ठेवून पाहा. पांढऱ्यावर लपलेली रेघ काळ्यावर लगेच सापडते.

कापायला वेळ नसेल तर सीएसएसचा मिक्स-ब्लेंड-मोड मल्टिप्लायवर ठेवा. दोन रंगांचे आकडे गुणून २५५ ने भागले जातात, म्हणून पांढरा नाहीसा होऊन साय दिसते. शेंदराला फारसा धक्का लागत नाही: १०२ चा ९९ होतो, बस. पण पांढरी फुलं आणि चांदीचे दागिने पिवळट होतात, आणि गडद पानावर तर अख्खं चित्र काळवंडतं. पेढ्यांना चालेल, चांदीच्या छत्राला नाही.

शेवटी पान स्वस्तातल्या फोनवर, भर दुपारी, उन्हात उभं राहून बघा. दर्शनाच्या रांगेतला माणूस तसंच बघणार आहे. उन्हात साय आणि पांढरा यांतला फरक पुसला जातो, म्हणून दराची चौकट केवळ त्या फरकावर उभी करू नका, तिला तांबडी रेघ द्या. मग फोन डार्क मोडवर टाका. पारदर्शक चित्रामागे काळा आला आणि तांबडी अक्षरं त्यात बुडाली, तर गडद पानासाठी रंगांची वेगळी जोडी लिहा, किंवा पान नेहमी सायीचंच राहील असं सीएसएसमध्ये ठरवून टाका. छोट्या दुकानाला दुसरा मार्ग पुरतो.