न्हाणीघरांतील गॅस गीझर व हवेचा हिशेब

हिवाळा सुरू झाला कीं आमच्या वर्गांतील मुलांस आम्ही एक प्रश्न विचारीत असतों : तुमच्या घरीं स्नानाचें पाणी कशावर तापतें? पूर्वीं या प्रश्नास चूल, बंब अशीं उत्तरें येत. अलीकडे पुष्कळ मुलें गॅस गीझर असें सांगतात. तो कोठें बसविला आहे, असें पुढें विचारतां, "न्हाणीघरांतच, नळाच्या वर," असें उत्तर मिळतें, आणि मग तो तास पाठ्यपुस्तकाबाहेर घालविणें आम्हांस भाग पडतें. प्रस्तुत लेख त्याच तासाचा विस्तार होय. तो मुलांइतकाच त्यांच्या आईबापांनींही वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण गीझर कोठें लावावा हें मुलांच्या हातीं नसतें.

गॅसची भीति म्हटली कीं लोकांस प्रथम गळती आठवते. सिलिंडरांतील गॅस, म्हणजे मुख्यत्वें प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण, स्वभावतः बहुतेक वासहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन नांवाचें उग्र वासाचें द्रव्य अगदीं थोडें मिसळलेलें असतें. तो वास आला कीं गृहिणी सावध होते, रेग्युलेटर बंद करिते, खिडक्या उघडते. ही सवय उत्तमच आहे; परंतु तिच्यापोटीं एक घातक समजूतही जन्मास आली आहे, ती ही कीं, वास नाहीं तर भय नाहीं. न्हाणीघरांत मनुष्य गुदमरतो तो बहुधा न जळलेल्या गॅसमुळें नव्हे, तर अर्धवट जळलेल्या गॅसमुळें. ज्योतींत गॅसबरोबर तें वासाचें द्रव्यही जळून जातें. मागें जो कार्बन मोनॉक्साइड वायु राहतो त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. तो डोळ्यांसही झोंबत नाहीं. अशा ठिकाणीं नाक हा पहारेकरी निरुपयोगी ठरतो.

हा वायु उत्पन्न तरी कां व्हावा? प्रोपेनचें एक माप पूर्णपणें जळण्यास प्राणवायूचीं पांच मापें लागतात, हें वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांनीं समीकरण मांडून पाहावें. हवेंत प्राणवायु शेंकडा २१ इतकाच असल्यामुळें पांच मापें प्राणवायु म्हणजे सुमारें २४ मापें हवा झाली. ब्यूटेनची भूक याहूनही मोठी. त्यास सुमारें ३१ मापें हवा पाहिजे. एवढी हवा मिळाली म्हणजे वाफ व कार्बन डायॉक्साइड हीं दोनच द्रव्यें निर्माण होतात. ती कमी पडली म्हणजे कार्बनच्या कांहीं अणूंस प्राणवायूचा अर्धाच वांटा मिळतो, आणि हा अर्धपोटी राहिलेला पदार्थ म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड होय. नळानें घरोघर येणाऱ्या नैसर्गिक वायूलाही हाच नियम लागू आहे.

आतां प्रत्यक्ष हिशेब करूं. पांच फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच असें न्हाणीघर घ्या. त्याचें घनफळ १६० घनफूट, म्हणजे सुमारें साडेचार घनमीटर. मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसनें तापविणारा गीझर मिनिटास सुमारें १६ ग्रॅम गॅस जाळतो. वीस मिनिटांत ३२० ग्रॅम. एक किलोग्रॅम गॅस जळण्यास सुमारें १३ घनमीटर हवा लागते, तेव्हां ३२० ग्रॅमला चार घनमीटरांहून थोडी अधिक लागेल. याचा अर्थ असा कीं, दार, खिडकी व फटी बंद असतील तर एका दीर्घ स्नानाच्या वेळांत तो लहानसा गीझर खोलींतील जवळजवळ सारी हवा मागतो. हा हिशेब फळ्यावर पुरा झाला कीं एखादा मुलगा विचारतो, "मग आंत स्नान करणाऱ्यानें श्वास कशाचा घ्यावा?" हाच खरा प्रश्न आहे. शिवाय ज्योत वीस मिनिटें पुरीं होईपर्यंत थांबत नाहीं. हवेंतील प्राणवायु थोडासा उतरला कीं ती बिघडूं लागते, आणि तेव्हांपासूनच विषारी वायु खोलींत सांचूं लागतो.

रक्तांतील हीमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायु घेऊन सर्व शरीरास पोंचवितें. कार्बन मोनॉक्साइड या हीमोग्लोबिनास प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून हवेंत तो अत्यल्प असला तरी रक्तांतील जागा अडवून बसतो. प्रथम डोकें दुखतें, चक्कर येते, मळमळतें. मग पायांतील बळ जातें. सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, संकट ओळखणारी बुद्धिच मंद होते. मनुष्यास कडी तीन हातांवर दिसत असते, परंतु ती काढण्यास उठवत नाहीं.

सुप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हे सन १९०२ च्या सप्टेंबरांत पॅरिस येथें आपल्या निजण्याच्या खोलींत असेच मरण पावले. खोलींत कोळशाचा विस्तव होता व धुराडें चोंदलेलें होतें. त्यांची पत्नी बेशुद्ध सांपडली, ती वांचली. धुराडें कोणीं मुद्दाम बुजविलें असावें, असा संशय पुढें व्यक्त झाला. तें कसेंही असो, वायूनें आपलें काम सारखेंच केलें. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत दारें लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल कित्येक घरांत आहे. शेगडीजवळ पाण्याचें भांडें ठेविलें म्हणजे दोष जातो अशीही समजूत आढळते. पाण्यांत हा वायु फारसा विरघळत नाहीं. त्या भांड्याचा कांहींएक उपयोग नाहीं.

उपाय अवघड नाहीं. गॅस गीझर न्हाणीघरांत बसवूंच नये. तो बाहेर उघड्या गॅलरींत किंवा मोकळी हवा खेळेल अशा जागीं बसवून गरम पाणी तेवढें नळीनें आंत आणावें. नळीला खर्च पडतो खरा, पण तोच येथें योग्य खर्च आहे. बसविणारा कारागीर बहुधा पाण्याचा नळ जेथें जवळ पडेल ती भिंत निवडतो, हवेच्या मार्गाकडे पाहत नाहीं. म्हणून घरच्यांनींच आग्रह धरावा. भाड्याच्या घरीं गीझर आधींच आंत असल्यास तो हालविण्याविषयीं मालकास लेखी कळवावें. तोंपर्यंत दार सताड उघडें ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळूं द्यावी, आणि मगच आंत जाऊन स्नान करावें. गीझर पेटलेला असतां दार लावून आंत कोणीही बसूं नये, हा नियम घरांतील म्हाताऱ्यांनाही लागू असावा.

झरोक्यांविषयीं एक खुलासा केला पाहिजे. जळालेले वायु उष्ण असल्यामुळें वर जातात, म्हणून वर एक कायमची उघडी वाट हवी. परंतु नवी हवा येण्यास खालींही वाट नसेल तर वरची वाट पुरेसें काम करीत नाहीं. दाराच्या खालच्या भागांत जाळीची फट ठेवावी ती याचसाठीं. नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवणारे पुष्कळ आहेत. हवा आंत येण्यास मार्ग नसतां पंखा हवा बाहेर ओढूं लागला, तर ज्या नळीनें गीझरचा धूर बाहेर जावयाचा त्याच नळीनें तो परत आंत ओढला जाऊं शकतो. थंडी वाजते म्हणून झरोक्यास पुठ्ठा लावणें हें तर सर्वांहून वाईट. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी होऊन नाचूं लागली, किंवा गीझरवर काजळी धरली, तर तो बंद करून जाणत्या कारागिराकडून बर्नर साफ करवून घ्यावा. मात्र ज्योत निळी दिसते म्हणून खोली निर्धोक आहे असें मानूं नये.

न्हाणीघरांतून हाकेस उत्तर आलें नाहीं तर दार तोडण्यास क्षणभरही संकोच करूं नये. रोग्यास उघड्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा, श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वास द्यावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांस "आंत गॅस गीझर चालू होता" हें वाक्य पहिल्यानें सांगावें. बोटास लावण्याचें जें लहान यंत्र हल्लीं घरोघर आलें आहे, तें या विषारी वायूनें व्यापलेल्या रक्तासही प्राणवायूनें भरलेलेंच समजतें व आंकडा चांगला दाखवितें. त्यावर विसंबून रोग्यास घरीं ठेवूं नये. साध्या हवेंत रक्तांतील हा वायु निम्मा होण्यास चार ते पांच तास लागतात, शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें सव्वा ते दीड तास. आणि तो रुग्णालयांतच मिळतो.