कॅरिगाफॉइल : तोफांनी काढलेला सेक्शनल व्ह्यू

फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीटवर सेक्शनल व्ह्यू काढताना आपण सगळेच वैतागलेलो असतो. आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या एका किल्ल्याचा असा व्ह्यू मात्र तोफांनी काढून ठेवलाय!

शॅनन नदीच्या खाडीकाठी कॅरिगाफॉइल हा मनोरा १५ व्या शतकाच्या अखेरीस ओ'कॉनर घराण्याने बांधला. अशा इमारतीला टॉवर हाउस म्हणतात. किल्ल्यापेक्षा ही सरदाराची उंच गढीच. राहणं, जेवणं, लढणं सगळं एकावर एक. लिमरिकला जाणारी गलबतं समोरून जात, म्हणून जागा मोक्याची. उंची सुमारे २६ मीटर, मजले पाच, आणि वर जायला शंभराहून जास्त पायऱ्यांचा गोल जिना. (लिफ्ट हवी म्हणून कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मला सर्वांत आवडलं ते या मनोऱ्यांचं शटरिंग. दगडी कमानदार छत घालताना खाली फांद्यांची विणलेली चटई धरत, तिच्यावर चुना ओतून दगड रचत. चटई काढली तरी तिची वीण चुन्यात उमटून राही. आयर्लंडमधल्या अनेक पडक्या मनोऱ्यांत ती आजही दिसते. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या हाताचा ठसाच म्हणा ना.

शिडी, बाण, किरकोळ बंदुका यांना ही उंच भिंत पुरून उरायची. पण १५८० मध्ये डेसमंडच्या बंडात राणी एलिझाबेथच्या वतीने विल्यम पेल्हॅम जड तोफा घेऊन आला. आत आयरिश शिबंदी, थोडे स्पॅनिश सैनिक आणि डागडुजी बघणारा ज्युलियन नावाचा इटालियन कप्तान. दगडी भिंत दाब भरपूर सोसते, ताण जवळजवळ नाहीच. खालचे दगड उडाले की वरचं सगळं वजन अधांतरी. भिंत कोसळली, काही जण ढिगाऱ्याखालीच गेले, उरलेल्यांना कापून काढलं. ज्युलियनला फाशी दिलं. ही बातमी पसरल्यावर आस्कीटनच्या किल्ल्यातली शिबंदी न लढताच निघून गेली. म्हणजे एका भिंतीने दोन किल्ले घालवले.

मग उरलेला मनोरा चारशेहून जास्त वर्षं उभा कसा? माझ्या मते श्रेय कमानदार छतांना आणि जिन्याच्या जाड कोपऱ्याला. त्यांनी उरलेल्या भिंती एकमेकींना धरून ठेवल्या. भगदाडासमोर उभं राहिलं की मजले, छतांची जाडी, भिंतीचा गाभा, सगळं एका नजरेत दिसतं. हॅचिंग तेवढं आपण करायचं.