मळीपासून मद्यार्क : कार्यक्षमतेचे मोजमाप

घोड, भीमा व मुळा-मुठा या नद्यांच्या पाण्यावर पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत ऊस वाढला. न्हावरे येथे घोडगंगा आणि पाटस येथे भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. साखरेबरोबर मळीही आलीच. १०० टन उसामागे साधारणतः ४ ते ४.५ टन मळी निघते. आसवनीत तिच्यापासून मद्यार्क तयार करता येतो.

आसवनीचे काम पारखताना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : टनामागे किती लिटर? हे माप सोपे असले, तरी अपुरे आहे. सर्व मळी सारख्या प्रतीची नसते. मद्यार्क होतो तो तिच्यातील आंबणाऱ्या शर्करेचा. रसायनशास्त्रानुसार अशा १०० किलो शर्करेपासून जास्तीत जास्त ५१.१ किलो, म्हणजे सुमारे ६४.४ लिटर मद्यार्क मिळू शकतो.

उदाहरणार्थ, एका मळीत शर्करा ४५ टक्के आहे. तिच्या एका टनाची कमाल मर्यादा २९० लिटर. प्रत्यक्षात मिळाले २५५. कार्यक्षमता ८८ टक्के. दुसऱ्या मळीत शर्करा ४० टक्के. मर्यादा २५८ लिटर, मिळाले २३५. कार्यक्षमता ९१ टक्के. लिटर कमी, परंतु काम सरस!

तूट कोठे आली, हे कळण्यासाठी दोन टप्पे वेगळे मोजावे लागतात. पहिल्या उदाहरणात आंबवणानंतर द्रावणात २६१ लिटर मद्यार्क आढळला, तर आंबवणाची कार्यक्षमता ९० टक्के व ऊर्ध्वपातनाची सुमारे ९८ टक्के ठरते. म्हणजे मोठी तूट आंबवणातच आहे. अशा वेळी द्रावणाचे वाढलेले तापमान, जिवाणूंचा संसर्ग व यीस्टची अवस्था प्रथम तपासली पाहिजे. यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी काही शर्करा वापरते. त्यामुळे १०० टक्के कार्यक्षमता कधीच साधत नाही.

न आंबलेली शर्करा नाहीशी होत नाही. ती सांडपाण्यात उतरते, त्यातील प्रदूषणाचा भार वाढविते आणि प्रक्रियेचा खर्चही वाढविते. योग्य प्रक्रियेविना ते पाणी ओढ्यात गेल्यास खालच्या गावांच्या विहिरींना धोका पोहोचतो. म्हणून ऊस उत्पादक सभासद व ग्रामपंचायत सदस्य यांनी लिटरच्या आकड्याबरोबर मळीतील शर्करेचे प्रमाण आणि दोन्ही टप्प्यांची कार्यक्षमता अवश्य विचारावी.