भरपाई हा हक्क आहे, खैरात नव्हे

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर आपले असंख्य बांधव राबतात. समजा, उडालेल्या धोट्याने एखाद्या कारागिराचा डोळा गेला. मालक दवाखान्याचे बिल भरतो, रमजानमध्ये जकातीतून काही रक्कम त्याच्या घरी पाठवतो आणि कर्तव्य पार पडले असे मानतो. कारागीरही ते उपकार समजून मान खाली घालतो. येथे दोघेही हक्क आणि दान यांत गल्लत करतात.

जकात कोणत्याही मोबदल्याविना द्यावी, असा शरीअतचा नियम आहे. म्हणून आपल्या अंगावरचे देणे जकातीतून फिटत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो : भरपाई हे देणे आहे काय?

सूरह अल-माइदाची पहिलीच आयत इमानधारकांना करार पाळण्याची आज्ञा देते. या देशात माणूस कामावर ठेवला की कायद्याच्या अटी त्या करारात येतातच. मग कारागीर कोणत्याही धर्माचा असो. १९२३ च्या कायद्याने घालून दिलेल्या आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पुढे चालवलेल्या तरतुदींनुसार, कामामुळे व काम चालू असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकावर बंधनकारक आहे. एक डोळा गेल्यास, दुसरा शाबूत असला तरी, कमाईची क्षमता ४० टक्के घटली असे कायदा धरतो. अंगठा गेल्यास ३० टक्के. हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला, तरी तो कायद्यापुढे निरर्थक ठरतो. जेथे कर्मचारी राज्य विमा लागू आहे, तेथे लाभ विमा महामंडळ देते. मात्र वर्गणी वेळेवर भरणे ही मालकाचीच जबाबदारी.

कारागीर बांधवांनो, हक्क मागितल्याने सब्र मोडत नाही. अपघाताची खबर मालकाला लेखी द्या. दवाखान्याचे कागद व पगाराचा पुरावा जपून ठेवा. भरपाई न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा.

मालक बांधवांनो, सहीह बुखारीतील हदीसचा आशय ध्यानात घ्या : ज्याने मजुराकडून पुरते काम घेतले व मजुरी दिली नाही, त्याच्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील. भरपाई बुडवणाऱ्यानेही या इशाऱ्याने सावध व्हावे. आधी देणे फेडा, मग दान करा.

अल्लाह आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क त्याच्या हाती देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.