भाकरी, तूप आणि शर्यत



ओझरला कुकडीच्या कांठीं धांवण्याचा सराव करणारीं मुलें पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु अलीकडे त्यांच्या घरीं एक प्रश्न ऐकूं येतो. भाकरी, भात व गूळ सोडून केवळ तूप, लोणी, अंडीं व मांस खाल्लें, तर शर्यत जिंकतां येईल काय? या आहारास किटोजेनिक आहार म्हणतात. ज्यांना असें महागडें अन्न देणें परवडत नाहीं, त्या पालकांस मुलाचें नुकसान होत असल्याची रुखरुख लागते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार करूं.

हा आहार मुळांत खेळाडूंसाठीं निघालेला नाहीं. १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनीं तो अपस्माराच्या रोग्यांसाठीं सुचविला. यांत पिष्टमय पदार्थ इतके थोडे असतात कीं, यकृत चरबीपासून कीटोन नांवाचीं द्रव्यें तयार करितें व तीं मेंदूच्या उपयोगी पडतात. खेळाडूंवरील प्रयोगांत अशा पदार्थांची मर्यादा दिवसास सुमारें ५० ग्रॅम असते. ८० ग्रॅम पिठाची बाजरीची एकच भाकरी ती जवळजवळ संपविते!

मग याचें आकर्षण कां? शरीरांत साखरेचा सांठा सुमारें अर्धा किलोच असतो. चरबी मात्र सडपातळ माणसाच्या अंगींही कित्येक किलो असते. शिवाय एक ग्रॅम चरबींतून ९ उष्मांक मिळतात, तर पिष्टमय पदार्थांतून ४. १९८३ सालीं पांच सायकलपटूंवर प्रयोग झाला. चार आठवडे हा आहार घेऊनही मध्यम वेगानें ते सरासरीनें पूर्वीइतकाच वेळ टिकले. तेव्हां ही कल्पना अगदींच निराधार नव्हे.

परंतु शर्यत मध्यम वेगानें जिंकली जात नाहीं. लेण्याद्रीच्या पायऱ्या धांवत चढतांना धाप लागते, तेव्हां उणीव प्राणवायूची असते. एक लिटर प्राणवायूनें साखर जाळल्यास सुमारें ५ उष्मांक मिळतात. चरबी जाळल्यास सुमारें ४.७ च. हा फरक लहान दिसतो, पण अटीतटीच्या वेळीं तोच नडतो. ऑस्ट्रेलियांतील लुईस बर्क यांनीं नामांकित चालपटूंवर केलेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांच्या सरावानंतर पिष्टमय आहार घेणारे १० किलोमीटरच्या शर्यतींत सुधारले. किटोजेनिक आहारवाले चरबी पुष्कळ जाळूं लागले. परंतु त्याच वेगास त्यांना अधिक प्राणवायु लागला व शर्यतींत त्यांची सुधारणा झाली नाहीं.

कुस्तीचेंही असेंच आहे. डाव टाकतांना लागणारी झटपट शक्ति साखर प्राणवायूवांचूनही देऊं शकते. चरबीला तें साधत नाहीं. शाहू महाराजांच्या आश्रयानें वाढलेल्या कोल्हापूरच्या तालमींतील खुराकांत दूध, तूप व बदामाची थंडाई असते. पण त्यामुळें ताटांतील भाकरी उठत नाहीं.

अपस्मारासारख्या रोगांत वैद्यकीय देखरेखीखालीं या आहाराचा उपयोग आहे. वाढत्या वयाच्या निरोगी मुलानें मात्र तो आपल्या मनानें करूं नये. भाकरी, उसळ, दूध, भाजी व झेपेल तेवढें तूप, असें जेवण, पुरेशी झोंप आणि नेमाचा सराव हीच खेळाडूची खरी शिदोरी होय. पालकहो, आपल्या चुलीवरील भाकरीची लाज बाळगूं नका. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यांत तीच मुलाच्या पायांना बळ देते.